शाळेतील झाडांची पाहणी : रोप लावण्यापासून वय नोंदवण्यापर्यंत

शाळेच्या आवारातील झाडांची पाहणी विद्यार्थ्यांनी करावी आणि तिच्या आधारे निगेचा आराखडा आखावा, ही कल्पना ठाणे-नवी मुंबईत आज नवी वाटत असली, तरी तिच्यामागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांची वाटचाल आहे. १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला आणि जुलैमधील वृक्षारोपण शाळांच्या अंगवळणी पडले. रोप लावले की कार्यक्रम संपे. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लागले, तरी कोणाला नवल वाटत नसे.

मोजणीचा विचार कायद्याने आणला. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणासाठी राज्याने १९७५ मध्ये केलेल्या अधिनियमाने वृक्षगणनेचे काम महापालिकांसारख्या नागरी संस्थांच्या वृक्ष प्राधिकरणाकडे सोपवले आणि झाड तोडण्यासाठी परवानगी बंधनकारक केली. ठाणे महापालिका १९८२ मध्ये स्थापन झाली, तर नवी मुंबई महापालिकेचा कारभार १९९२ मध्ये सुरू झाला. दरम्यान, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि पुढे राष्ट्रीय हरित सेना या केंद्र सरकारच्या शालेय उपक्रमामार्फत शाळाशाळांत पर्यावरण मंडळे निघाली.

खरा बदल १९७५ च्या अधिनियमातील २०२१ च्या दुरुस्तीने झाला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली, त्यामुळे झाडाचे वय हाच कळीचा प्रश्न झाला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. म्हणजे नवी मुंबईत वसाहती उभ्या राहताना सुरुवातीला लावलेली झाडे आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. मात्र, बुंध्याच्या घेरावरून वय ठरवणे फसवे असते, कारण वर्षावृक्ष आणि सुबाभूळ भराभर वाढतात, तर ठाण्याजवळच्या येऊरच्या रानातला ऐन हा वृक्ष त्या मानाने सावकाश वाढतो. अशा वेळी वनमहोत्सवाच्या जुन्या नोंदवह्या, सापडल्या तर, वयाचा चांगला पुरावा ठरू शकतात.

विद्यार्थ्यांच्या पाहणीचे मोल यातूनच कळते. जमिनीपासून सुमारे १.३७ मीटर उंचीवर टेपने घेतलेला घेर, खोडातील ढोली, वाळवी, ठोकलेले खिळे आणि मुळांभोवतीचे पेव्हर ब्लॉक, हे सारे दरवर्षी झाडाला दिलेल्या त्याच क्रमांकाखाली नोंदवले, तर वाढीचा वेग हाती येतो आणि बुंध्याभोवतीची जागा आधी कुठे मोकळी करायची, हे ठरवता येते. फांद्यांची छाटणी मात्र मुलांच्या हाती नाही. त्यासाठी शाळेने वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा आणि ही नोंदवही त्यासोबत जोडायची.