टेप, पाटी आणि वीस मिनिटं

सागरी जीवशास्त्राची पदवी आहे, स्कूबाचं कार्डही खिशात आहे, तरीही अमेरिकेतल्या बहुतेक सागरी विद्यापीठांत तेवढ्यावर संशोधनासाठी पाण्यात उतरू देत नाहीत. आधी किमान १०० तासांचं प्रशिक्षण, खुल्या पाण्यात किमान १२ बुड्या, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, प्रथमोपचार आणि ऑक्सिजन देण्याचं शिक्षण. ही अट ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेस’ या संघटनेच्या मानकांतून आली आहे. पर्यटकाला पहिलं कार्ड मिळायला तीन-चार दिवस पुरतात. मग संशोधकाला एवढं काय शिकायचं असतं?

या शिस्तीचं मूळ कॅलिफोर्नियात, ला होया इथल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत आहे. कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये पाठीवरच्या टाकीतून श्वासागणिक हवा देणारं उपकरण तयार केलं आणि काही वर्षांत ते कॅलिफोर्नियात पोचलं. तोवर समुद्रतळाचा अभ्यास म्हणजे बहुतांशी जाळं टाकायचं, ओढायचं आणि वर आलेल्या चेंदामेंद्यावरून खाली काय असेल याचा अंदाज बांधायचा. आता स्वतः खाली जाता येऊ लागलं, पण कसं जायचं हे शिकवणारं कोणी नव्हतं. स्क्रिप्समधल्या कॉनरॅड लिंबॉ या तरुण जीवशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ही घडी बसवली. पुढे लॉस एंजेलिस काउंटीने सामान्य नागरिकांसाठी वर्ग काढले, तेव्हा तिथली माणसं आधी स्क्रिप्समध्ये येऊन शिकून गेली. लिंबॉ स्वतः १९६० मध्ये फ्रान्समधल्या पोर्ट-मियूच्या पाण्याखालच्या गुहेत वाट चुकून मरण पावला. केल्प या उंच वाढणाऱ्या समुद्रशेवाळाच्या जंगलांवरचं आणि इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणाऱ्या ‘सफाई’ माशांवरचं त्याचं काम आजही अभ्यासलं जातं.

१९७०च्या दशकात अमेरिकी सरकारने व्यावसायिक डायव्हिंगसाठी कडक नियम केले. तेलविहिरींवर नि बंदरांत पाण्याखाली वेल्डिंग करणाऱ्यांसाठी ते योग्यच होते, पण शिंपले मोजणारे संशोधकही त्यांत अडकले. १९८२ मध्ये संशोधकांना सवलत मिळाली ती अटींवर: प्रत्येक संस्थेची स्वतःची लिखित नियमावली हवी आणि एक डायव्हिंग नियंत्रण मंडळ हवं. या मंडळात बहुमत प्रत्यक्ष बुडी मारणाऱ्यांचं असावं लागतं आणि त्याचा शब्द अंतिम असतो. मला ही अट फार मोलाची वाटते. ज्याला खालच्या थंडीचा आणि गढूळपणाचा अनुभव आहे, त्याच्याच हातात परवानगी राहते.

पहिली गाळणी तलावावर. पायात फिन नाहीत, डोळ्यांवर मास्क नाही. सुमारे ३६६ मीटर अंतर १२ मिनिटांच्या आत पोहायचं, एका श्वासात पाण्याखालून २३ मीटर जायचं, एका जागी १० मिनिटं तरंगायचं आणि तेवढंच २३ मीटर दुसऱ्या माणसाला ओढत न्यायचं. उपकरणं बंद पडली तर माणूस पाण्यात काय करेल, एवढंच यात पाहिलं जातं. वैद्यकीय तपासणीत कान आणि फुप्फुसांकडे विशेष लक्ष असतं. त्याचं कारण शाळेत शिकलेल्या बॉईलच्या नियमात आहे. दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर पृष्ठभागाशी तिला दुप्पट जागा लागते. ती जागा फुप्फुसांत नसते. फुप्फुसं फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती पूर्ण भरलेली असेल तर मीटर-दीड मीटरचा चढही पुरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं जाणारं वाक्य एकच: श्वास कधीही रोखायचा नाही.

त्याच दाबामुळे २० मीटरवर टाकीतली हवा पृष्ठभागाच्या तिप्पट वेगाने संपते. शिवाय खोलीवर श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो. भराभर वर आलं, तर तो बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो, सांध्यांत कळा येतात, कधी मज्जारज्जूला इजा होते. म्हणून खोलीगणिक वेळ ठरलेली असते. रूढ तक्त्यांनुसार १८ मीटरवर जेमतेम ५५ मिनिटं मिळतात, ३० मीटरवर वीसच. त्यानंतर वर यायचं ते मिनिटाला ९ मीटरच्या गतीने, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून.

प्रयोगाची आखणी सुरू होते ती या वीस मिनिटांपासून. प्रयोगशाळेत हुकलेलं निरीक्षण दुपारी पुन्हा घेता येतं. इथे घड्याळ संपलं की काम अर्धवट सोडून वर यायचं. त्यातच ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची हलकी गुंगी चढू लागते. माणसाला सगळं झकास चाललंय असं वाटतं आणि मोजणी चुकते.

मला वाटतं, या सगळ्या प्रशिक्षणाचा खरा विषय लक्ष हा आहे. नवख्या डायव्हरचं सगळं लक्ष स्वतःला तरंगतं ठेवण्यात, मास्कमधलं पाणी काढण्यात आणि हवेचा काटा बघण्यात जातं. पोळ्या लाटायला नुकती शिकलेली व्यक्ती गप्पा मारू शकत नाही; सरावलेल्या हातांना पोळीकडे बघावंही लागत नाही. बुडी अशी हातात बसली की डोकं मोजायला मोकळं होतं. म्हणून एका जागी न हलता तरंगत राहायचं, त्याच वेळी जाड हातमोज्यांनी गाठ मारायची, पाटीवर पेन्सिलने लिहायचं आणि जोडीदाराकडेही नजर ठेवायची, याचा कंटाळा येईपर्यंत सराव करून घेतात.

कॅलिफोर्नियातल्या केल्पच्या जंगलातली एक ठरावीक मोजणी जवळून बघू. पाणी साधारण ११-१२ अंशांचं, अंगावर ७ मिलिमीटर जाडीचा सूट किंवा कोरडा सूट. टेपचं टोक खडकाला अडकवून होकायंत्राच्या दिशेने ३० मीटर पोहत जायचं. टेपच्या बाजूने २ मीटर रुंदीच्या पट्ट्यातले समुद्री साळू (काटेरी, गोल प्राणी), तारामासे, गोगलगायी, केल्पची रोपं सगळं नोंदवायचं. एक मीटरहून उंच केल्पच मोजायची आणि तळापासून एक मीटरवर तिचे देठ किती तेही लिहायचं. लाल आणि जांभळ्या साळूंचे रकाने वेगळे. पण लाल रंग पाण्यात सर्वांत आधी, वरच्या काही मीटरांतच विरून जातो, त्यामुळे खाली दोन्ही काळपटच दिसतात. टॉर्च लावून खात्री करावी लागते. कपारीत हात घालायचा नाही, फिनने तळाचा गाळ उडवायचा नाही. आपण उडवलेला गाळ मागून येणाऱ्याची मोजणी बुडवतो.

माशांची लांबी सांगणं याहून अवघड. मास्कच्या काचेतून पाहताना प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा सुमारे एक तृतीयांश मोठा भासतो. त्यावर उपाय म्हणून माहीत लांबीच्या खोट्या माशांच्या प्रतिकृती दोरीवर बांधून पाण्यात टांगतात. विद्यार्थी अंदाज लिहितो, वर आल्यावर खऱ्या आकड्यांशी ताडून बघतो आणि फरक आटोक्यात येईपर्यंत पुन्हा उतरतो. दोन निरीक्षकांचे आकडे जुळेपर्यंत त्यांच्या नोंदी एकत्र धरत नाहीत.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचं उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानेच दिलं. २०१३ पासून तिथले तारामासे एका रोगाने झडून मरू लागले. साळू खाणारा सूर्यफूल तारामासा जवळपास नाहीसा झाला, पाठोपाठ समुद्रात उष्णतेची लाट आली आणि केल्प खाणाऱ्या जांभळ्या साळूंची संख्या बेसुमार वाढली. उत्तर कॅलिफोर्नियातलं ९० टक्क्यांहून अधिक बुल केल्प काही वर्षांत गेलं. पृष्ठभागावर पसरलेलं केल्प उपग्रहाला दिसतं, त्यामुळे जंगल गेल्याचं आकाशातूनही कळलं असतं. कुणी खाल्लं आणि खाणाऱ्याला खाणारा कुठे गेला, हे मात्र वर्षानुवर्षं त्याच खडकांवर टेप टाकणाऱ्यांच्या पाट्यांवरूनच कळलं.

हे काम धोक्याचं वाटतं, पण नोंदी वेगळं सांगतात. अकॅडमीच्या सदस्य संस्थांनी १९९८ ते २००७ या दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक बुड्या नोंदवल्या. दाबबदलाच्या विकारांची प्रकरणं ३३. यामागे एक नियम आहे, तो प्रत्येक सागरी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा असा: कुठल्याही डायव्हरला असुरक्षित वाटलं तर तो बुडी नाकारू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कसलीही शिक्षा होत नाही. मार्गदर्शक प्राध्यापक स्वतः बोटीवर असले तरी. प्रमाणपत्रही कायमचं नसतं. वर्षाला किमान १२ बुड्या व्हाव्या लागतात आणि खोलीची मर्यादा ९, १८, ३० मीटर अशी पायरीपायरीने वाढते.

आपल्याकडे हे ज्ञान परकं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८०च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात पुरातत्त्वाच्या बुड्या झाल्या, दगडी नांगर नोंदवले गेले. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँकेचं प्रवाळक्षेत्र आहे. त्याचा सर्वांत उथळ माथाच सुमारे २० मीटर खाली. म्हणजे तिथे पोचता क्षणी हवा तिप्पट वेगाने संपू लागते. काही बिघडलं तर किनारा कित्येक तास दूर. तिथल्या मोहिमेच्या कागदावर प्रवाळांच्या यादीआधी बोटीवर ऑक्सिजन किती आणि उपचारासाठी दाबकक्ष कुठे, हे लिहिलेलं असायला हवं.

कोकणातल्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी? पोहणं बऱ्याच जणांना येतं, ते घड्याळ लावून करायला लागावं. पावसाळा सरल्यावर तारकर्लीला पहिलं कार्ड मिळवता येईल. आणि माशांचा अभ्यास आजच सुरू करता येईल. गोब्रा आणि तांबोशी बाजारात ओळखणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. कपारीत अर्धा दडलेला, गढूळ पाण्यातून दोन सेकंद दिसलेला गोब्रा ओळखून त्याची लांबी पाटीवर लिहायला मात्र वेगळा सराव लागतो.