पोरं ढ होतायत का? ही ओरड मोजपट्टीपेक्षा जुनी आहे

कोणी साध्या हिशोबाला मोबाईलमधला कॅल्क्युलेटर काढला की घरातलं एखादं जुनं माणूस हमखास बोलणार, आम्ही पावकी, निमकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ म्हणायचो, तुमची डोकी गेली कामातून. आणि आता तर वर बातम्यापण येतात की युरोपात आयक्यू (बुद्ध्यांक) घसरतोय, म्हणजे आजोबांना पुरावाच मिळाला. पण या भीतीचा इतिहास बघितला तर एक गंमत दिसते, भीती आधी आली आणि मोजपट्टी नंतर, आणि मोजलं तेव्हा बराच काळ उलटंच निघत राहिलं.

सुरुवात फ्रान्सिस गॉल्टनपासून करावी लागते, चार्ल्स डार्विनचा हा नात्यातला भाऊ. १८६९ साली त्याने लिहिलं की बुद्धी वंशातून येते आणि प्राचीन अथेन्सचे लोक सरासरी त्याच्या काळातल्या इंग्रजांपेक्षा दोन पायऱ्या वर होते. अथेन्सच्या लोकांची परीक्षा कोणी घेतली होती? कोणीच नाही, नामवंत माणसं मोजली आणि लावला अंदाज. १८८३ मध्ये त्यानेच 'युजेनिक्स' हा शब्द काढला, म्हणजे 'चांगल्या' वंशाच्या लोकांचीच संख्या वाढवायची. मागचा विचार असा की हुशार वर्गाला मुलं कमी, गरिबांना जास्त, म्हणजे देशाची बुद्धी उतरणारच. वाचायला अगदी लॉजिकल वाटतं, म्हणूनच पन्नास-साठ वर्षं भल्याभल्यांना पटत राहिलं.

खरी चाचणी आली १९०५ मध्ये पॅरिसला. आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी सिमॉन यांना फक्त एवढंच शोधायचं होतं की शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल. बिनेचं म्हणणं होतं की बुद्धी काही कायमची ठरलेली नसते. तो १९११ ला गेला आणि त्याची चाचणी अमेरिकेत पोचल्यावर तिचं काहीतरी भलतंच झालं. पहिल्या महायुद्धात तिथे सुमारे १७ लाख सैनिकांना चाचण्या दिल्या, निष्कर्ष काय तर गोऱ्या सैनिकांचं सरासरी मानसिक वय १३, म्हणजे बुद्धी तेरा वर्षांच्या पोराएवढी! झालं, देश मूर्खांचा होतोय म्हणून बोंब उठली. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ मध्ये बरोबर चिमटा काढला, की सरासरी प्रौढाची बुद्धी सरासरी प्रौढापेक्षा कमी कशी काय असेल. पण ऐकतो कोण. बाहेरून येणाऱ्यांवर बंधनं घालणारा १९२४ चा इमिग्रेशनचा कायदा झाला त्या वातावरणात हे आकडे सर्रास फिरत होते, आणि ज्या कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने या आकड्यांवर पुस्तक लिहून दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांना कमी ठरवलं त्यानेच १९३० मध्ये आपलं विश्लेषण चुकलं म्हणून कबूल केलं. कायदा मात्र तसाच राहिला.

इंग्लंडमध्ये रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये आकडाच सांगून टाकला, दर दहा वर्षांना साधारण एक पॉइंट घसरणार. त्याने १९३६ ला लेस्टरमधली दहा वर्षांची मुलं तपासली होती. १९४९ ला त्याच शहरात त्याच वयाच्या मुलांना पुन्हा तपासलं तर सरासरी सव्वा पॉइंटने वर! पण माझ्या मते खरी भारी गोष्ट स्कॉटलंडची. १ जून १९३२ ला त्यांनी १९२१ साली जन्मलेल्या जवळपास सगळ्या शाळकरी मुलांना एकाच दिवशी एकच पेपर दिला, ८७ हजारांवर पोरं, एवढं कोणत्याच देशाने केलं नव्हतं. मग ४ जून १९४७ ला १९३६ साली जन्मलेल्या ७० हजारांवर मुलांना तोच पेपर. मधे महायुद्ध होऊन गेलं होतं, रेशनिंग चालूच होतं, शिवाय घरात भावंडं जास्त तर मार्क कमी असं आकड्यांत दिसत होतं, त्यामुळे बऱ्याच जणांनी घसरण गृहीतच धरली होती. निकाल? ७६ पैकी सरासरी साडेचौतीसवरून पावणेसदतीसच्या आसपास गेली, आणि मुलींची वाढ मुलांपेक्षा जास्त.

तरी चाचण्या विकणाऱ्यांनाही ही वाढ दिसत कशी नव्हती? कारण दर काही वर्षांनी चाचणी नवीन मुलांवर बसवून सरासरी परत १०० केली जाते, म्हणजे वाढ झाली तरी ती पुसली जाते. न्यूझीलंडच्या ओटागो युनिव्हर्सिटीतल्या जेम्स फ्लिन यांनी चाचण्यांची मॅन्युअल वाचता वाचता पकडलं की त्याच मुलांना जुनी आणि नवी अशा दोन्ही चाचण्या दिल्या तर जुनीवर मार्क जास्त पडतात. १९८४ ला त्यांनी दाखवलं की १९३२ ते १९७८ मध्ये अमेरिकनांचे जवळपास १४ पॉइंट वाढले, आणि १९८७ ला आणखी देश मिळून चौदा देशांत तेच. या वाढीलाच पुढे 'फ्लिन इफेक्ट' नाव पडलं.

आता मग आपले पणजोबा मंद होते का? अजिबात नाही, आणि हे फ्लिननीच नीट समजावलंय. अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात शेतकऱ्यांना विचारलं होतं, जिथे कायम बर्फ असतो तिथली अस्वलं पांढरी असतात, अमुक ठिकाणी कायम बर्फ आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर आलं, मी काळं अस्वल पाहिलंय, न पाहिलेल्याबद्दल मी बोलत नाही. कोणत्याही वकिलाला शोभेल असं उत्तर, पण पेपरात शून्य! शाळा वाढल्या, 'समजा' म्हणून विचार करायची सवय लागली, त्याबरोबर खाणंपिणं आणि तब्येत सुधारली आणि मार्क वाढत गेले. पावकी-दिडकी पाठ असण्याला त्या पेपरात जागाच नव्हती.

घसरण सध्या खरंच दिसते का? काही ठिकाणी हो. नॉर्वेत सैन्यभरतीच्या चाचण्यांत १९७५ नंतर जन्मलेल्यांचे मार्क उतरत गेले. पण २०१८ ला ब्रॅट्सबर्ग आणि रोगेबर्ग या संशोधकांनी १९६२ ते १९९१ मध्ये जन्मलेल्यांचा डेटा घेऊन सख्ख्या भावांची तुलना केली तर ती चढण आणि उतरण दोन्ही एकाच घरातल्या मोठ्या-धाकट्या भावांतच सापडली. आईबाप तेच, म्हणजे गरिबांना पोरं जास्त म्हणून बुद्धी उतरते हे गॉल्टनचं गणित इथे लागूच होत नाही, जे काय बदललं ते घराबाहेर, शाळेत, वाचनात, स्क्रीनवर, नक्की कशात यावर भांडणं चालू आहेत. अमेरिकेत २०२३ ला आलेल्या एका अभ्यासात २००६ ते २०१८ मध्ये शब्द आणि मॅट्रिक्सचे (आकृत्यांच्या मांडणीतला नियम ओळखायचे) मार्क कमी झालेले दिसले, पण आकृती मनात फिरवून बघायचे वाढलेले. म्हणजे सरसकट ढ झाली असंही म्हणता येईना.

आणि आपल्याकडचा धागा फार कोणाला माहीत नसतो. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने (बिनेच्या चाचणीची अमेरिकन आवृत्ती) चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९४० ला त्यावर त्यांचं पुस्तक आलं, आणि ही बिने-कामत आजही आपल्याकडे वापरात आहे. त्या काळात केलेलं हे प्रचंड काम, त्यात शंका नाही. पण वरचा फ्लिनचा मुद्दा इथे लावून बघा: जुन्या पोरांवर बसवलेल्या पट्टीने आजचं पोर मोजलं तर आकडा फुगून येऊ शकतो, आणि ज्याला खरंच मदतीची गरज आहे त्याचा आयक्यू ७० च्या वर दोन-चार पॉइंटने गेला की बौद्धिक अपंगत्वाचं सर्टिफिकेटही अडू शकतं आणि त्यावर मिळणाऱ्या सवलतीही.