ग्रामीण दंतसेवा (महाराष्ट्र)

खेड्यापाड्यांतील लोकांना दात, हिरड्या व तोंडाच्या विकारांवर परवडणारा उपचार जवळपास मिळावा यासाठीची व्यवस्था. सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी व डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. तिथे दंतशल्यचिकित्सक मात्र सहसा नसतो. तो भेटतो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, म्हणजे बहुधा तालुक्याच्या गावी.

खरी अडचण अंतराहून खेपांची आहे. किडलेली दाढ काढणे एका खेपेत उरकते. रूट कॅनॉलला बहुतेकदा दोन-तीन खेपा लागतात आणि दर खेपेला एसटीचे भाडे जाते, मजुरी बुडते. त्यामुळे वाचली असती अशी दाढही निघते. तोवर इलाज घरचाच: लवंग, नाहीतर मिश्री. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दात-हिरड्यांवर घासायची. ठणका जरा कमी वाटतो, म्हणून तिला औषध समजणाऱ्या बाया आजही आहेत. प्रत्यक्षात तिने हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी गुटख्याने तोंड आखडलेले, म्हणजे पुरते न उघडणारे, तरुण दवाखान्यात येतच असतात. आपलीच तीन बोटे एकावर एक धरून तोंडात मावतात का, ही साधी परीक्षा घरीही करता येते.

यवतमाळ, चंद्रपूर भागातील काही गावांत भूजलातल्या फ्लोराइडमुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. त्यावरचा खरा उपाय दंतवैद्याकडे नाही, नळयोजनेत आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) पथकांकडून शाळा-अंगणवाड्यांत दातही तपासले जातात, पण पुढच्या उपचारासाठी पुन्हा तालुकाच गाठावा लागतो. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आहे. लोणी, सावंगी यांसारख्या ग्रामीण भागातील दंत महाविद्यालयांचाही आसपासच्या गावांना आधार होतो.

गावातल्या दंतशिबिरात दात भरण्याची सर्वांत सोयीची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात आकाराला आली. 'एआरटी' (अॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट, म्हणजे फारशी इजा न करता दात भरणे) या नावाने ती ओळखली जाते. तिला वीज लागत नाही, ड्रिलही नाही. किडलेला मऊ भाग हातातल्या अवजाराने खरवडून काढतात आणि खळग्यात ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरतात. हे सिमेंट २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. रोग्याला शाळेच्या दोन बाकांवर आडवे केले तरी काम भागते, आणि तेही एका खेपेत.