मण्यांवरची मल्टिप्लेक्स चाचणी: 'प्लेक्स' या आकड्याची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठ विभागात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मल्टिप्लेक्स यंत्राच्या, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक प्रथिनं एकदम मोजणाऱ्या यंत्राच्या, खरेदीचा विषय निघाला, की तुलनात्मक तक्त्यातला पहिला रकाना ठरलेला असतो: किती प्लेक्स? पन्नास, शंभर, पाचशे. किंमत त्यानंतर, आणि देखभालीचा करार अगदी तळाशी. हा रकाना वर जाऊन बसला याला पंचवीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात माहितीपत्रकांचा हात प्रयोगांपेक्षा कमी नाही.

शब्दाचा एक खुलासा आधीच. प्रयोगशाळेत सगळे 'बीड्स' म्हणतात. पण आपल्याकडे बीड म्हटलं की जिल्हाच डोळ्यांसमोर येतो, म्हणून इथे मणी.

दोन अँटिबॉडींच्या मध्ये प्रथिन पकडायचं ही सँडविचची रीत एलायझाने अंगवळणी पाडली. एलायझा, म्हणजे प्लेटवर एका वेळी एकच प्रथिन मोजणारी चाचणी, १९७१ ची. प्लेटच्या तळाऐवजी मण्यावर अँटिबॉडी चढवायची, मणी फ्लो सायटोमीटरमधून (धारेत एकेक कण लेझरने तपासणाऱ्या यंत्रातून) सोडायचे आणि आकारावरून कोणता मणी कशासाठी ते ओळखायचं, हा विचार १९७७ मध्ये छापून आला होता. आकारावर भिस्त ठेवली की चार-सहा प्रकारांपुढे गाडी जात नव्हती. तिढा सुटला १९९७ च्या सुमारास, टेक्सासमधल्या ल्युमिनेक्स कंपनीत. ५.६ मायक्रॉनचा पॉलिस्टायरीनचा मणी, त्याच्या आत लाल आणि अवरक्त असे दोन रंग, प्रत्येकाच्या दहा पातळ्या. दहा गुणिले दहा, शंभर. प्रत्येक मिश्रणाला एक क्रमांक. त्याला 'रीजन' म्हणतात.

शंभरचा आकडा जन्माला आला तो इथे. यंत्राला किती रंगछटा एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात, एवढाच त्याचा अर्थ. प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) किती प्रथिनं विश्वासाने मोजता येतील, हा प्रश्न त्या गुणाकारात कुठेच नव्हता. पण पुढच्या दहा वर्षांत दोन्ही गोष्टींना एकच शब्द चिकटला.

यंत्राचं काम तसं सरळ. ६३५ नॅनोमीटरचा लाल लेझर मण्याचा क्रमांक वाचतो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर त्याच्या अंगावरच्या फायकोएरिथ्रिन या चमकणाऱ्या रंगाचा उजेड मोजतो. प्रत्येक रीजनचे निदान पन्नास मणी वाचून मध्यक काढला जातो. सरासरी काढत नाहीत, कारण चिकटलेले दोन-चार मणी सरासरी ओढून नेतात, मध्यकाला सहसा हलवत नाहीत. हा मध्यक म्हणजे प्रथिनाचं प्रमाण नव्हे. प्रमाण मिळतं ते सात स्टँडर्डच्या (प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांच्या) वक्रावरून, पाच घटकांचं लॉजिस्टिक समीकरण बसवून.

आता प्लेक्स. या एका शब्दाचे किमान तीन अर्थ चालू आहेत आणि खरेदीच्या बैठकीत तिघांची सरमिसळ होते.

पहिला अर्थ यंत्राचा. ल्युमिनेक्सच्या जुन्या २०० या मॉडेलवर पॉलिस्टायरीनचे १०० रीजन वाचता येतात, पण त्याच यंत्रावर चुंबकीय मणी घेतले तर ८०. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या मॅगपिक्सवर ५०. तिसरा रंग मिसळून केलेल्या फ्लेक्समॅप थ्रीडीवर ५००. यातली खोच अशी की मॅगपिक्सचे पन्नास म्हणजे एक ते पन्नास नव्हेत. मधले क्रमांक गळलेले आहेत. २०० साठी स्वतः मणी जोडून तयार केलेलं पॅनेल मॅगपिक्सवर न्यायचं, तर आधी रीजनची यादी ताडून पाहावी लागते. यादीबाहेरचा मणी वेलमध्ये असूनही यंत्राच्या लेखी नसतो.

दुसरा अर्थ किटचा. डब्यावर '२७-प्लेक्स' लिहिलेलं असतं ते इतक्या प्रथिनांच्या अँटिबॉडी जोड्या एकत्र चालतात म्हणून. जोडी वाढली की शोधक अँटिबॉडींच्या (सँडविचमध्ये वरून बसणाऱ्या) मिश्रणात आणखी एक भर पडते, आणि ती मिश्रणातल्या प्रत्येक मण्याला भेटते. पार्श्वभूमीचा उजेड चढतो, खालच्या टोकाची संवेदनशीलता उतरते. म्हणून कॅटलॉगमध्ये अमुक प्रथिन तमुकाबरोबर घेऊ नये अशी बारीक टीप असते. ऑर्डर देताना ती वाचावी. प्लेट लावल्यावर वाचून उपयोग नसतो.

तिसरा अर्थ नमुन्याचा, आणि आमच्या मते निर्णय यावरच व्हायला हवा. सीआरपी आणि आयएल-६ ही दोन्ही दाह दाखवणारी प्रथिनं. सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात, आयएल-६ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. ५ मिलिग्रॅम प्रति लिटर सीआरपी आणि ५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आयएल-६ यांच्यात दहा लाखपटीचं अंतर आहे. आयएल-६ साठी सीरम दुप्पट-चौपट पातळ करतात, सीआरपीसाठी हजारोपट. दोन्ही एका वेलमध्ये घातली तर सीआरपीचा मणी ठासून भरतो आणि वक्राच्या माथ्यावर आडवा पडतो, किंवा आयएल-६ तळात बुडतं. म्हणजे कागदावर शंभर प्लेक्सचं यंत्र असलं तरी या दोघांसाठी प्लेट दोन, किट दोन, स्टँडर्डचे वेलही दुप्पट.

स्टँडर्डचा हिशेब बैठकीत कुणी मांडत नाही. ९६ वेलपैकी सात स्टँडर्ड आणि एक ब्लँक (प्रथिनाविना वेल), प्रत्येकी दोनदा: १६. दोन कंट्रोल दोनदा: ४. उरले ७६, म्हणजे दुहेरी लावले तर ३८ नमुने. चाळीस रुग्णांचा प्रकल्प मांडला की दोन नमुन्यांसाठी दुसरं किट फोडावं लागतं. प्रस्तावात रुग्णसंख्या ३८ च्या पटीत ठेवणं हा त्यावरचा साधा इलाज, अर्थात संख्याशास्त्राला तेवढे पुरत असतील तर.

तरीही मल्टिप्लेक्सची बाजू खरी आहेच. दहा प्रथिनं एलायझाने दुहेरी मोजायची, दर वेलला १०० मायक्रोलिटर, तर २ मिलिलिटर सीरम लागतं. मण्यांवर २५ मायक्रोलिटर दोनदा, ५० मध्ये काम होतं. डेंग्यूचं लहान मूल किंवा किनवट भागातला सिकलसेलचा रुग्ण असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. इथे दहा प्लेक्स पुरतात. निविदेत मात्र 'किमान १००' असं लिहिलं जातं आणि त्या एका ओळीने मॅगपिक्ससारखं देखभालीला हलकं यंत्र तांत्रिक छाननीतच बाद होतं.

या सगळ्यात जो बदल खरोखर कामाचा होता, त्याला आकडा नव्हता म्हणून तो कमी गाजला: चुंबकीय मणी. त्याआधी धुण्यासाठी फिल्टर प्लेट असायची, तळाला १.२ मायक्रॉनची जाळी, खालून व्हॅक्यूम. दाब ५ इंच पाऱ्यापुढे गेला की मणी जाळीत रुतून बसायचे. कमी पडला तर सीरममधली चरबी आणि फायब्रिन यांनी अर्धे वेल तुंबायचे. प्लेट कागदावर टेकली तर जाळीखालचा थेंब कागद शोषून घ्यायचा आणि वेल हळूहळू रिकामा व्हायचा, यंत्र 'मणी अपुरे' म्हणून थांबायचं. तळ दर वेळी टिपायचा, पण टेकवायचा नाही, हे नव्या मुलांना शिकवण्यात एक-दोन प्लेटी जायच्याच.

६.५ मायक्रॉनच्या चुंबकीय मण्यांनी हे नाटक संपवलं. साधी प्लेट चुंबकाच्या पाटावर बसवायची, एक ते दोन मिनिटं थांबायचं, मग पाटासकट उलटी करून एका झटक्यात पाणी सिंकमध्ये झटकायचं, आणि उलटी असतानाच टिश्यूवर एकदा दाबून घ्यायचं. प्लेट पाटावर चारही कोपऱ्यांत नीट बसली नसेल तर कडेच्या रांगेतले मणी पाण्याबरोबर जातात. निकालात ए आणि एच रांगेत मणी कमी दिसले तर आधी हाच संशय घ्यावा. दुसरी चूक शेकरची. धुतल्यावर मणी चुंबकाच्या बाजूला गोळा होऊन बसलेले असतात. मिनिटाला ५०० ते ८०० फेऱ्यांवर शेकर नीट चालला नाही तर तसेच गोळे यंत्रात जातात.

२०१० मध्ये आलेल्या मॅगपिक्सने हाच धागा पुढे नेला. लेझरऐवजी एलईडी, वाहत्या धारेऐवजी चुंबकाने एका थरात धरलेले मणी, आणि त्यांचा फोटो. पॉलिस्टायरीनचे जुने मणी त्यावर चालतच नाहीत. ज्यांनी स्वतः अँटिबॉडी जोडून साठा करून ठेवला होता त्यांना तो पुन्हा करावा लागला: दहा लाख मण्यांना साधारण ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, ईडीसी आणि सल्फो-एनएचएस ही जोडणारी रसायनं, तेही त्याच दिवशी विरघळवून. आदल्या दिवशीचं ईडीसी पाण्यात मरून गेलेलं असतं आणि मण्यावर काहीच चढत नाही.

आपल्याकडच्या हवेचाही या निवडीत वाटा आहे, जरी तो कुठल्या तक्त्यात दिसत नसला. २०० हे मॉडेल कॅलिब्रेशनच्या वेळच्या तापमानापेक्षा ३ अंशांनी सरकलं की पुन्हा कॅलिब्रेशन मागतं. लेझर गरम व्हायला अर्धा तास, त्यानंतर कॅलिब्रेशन आणि पडताळणीचे मणी, त्यानंतर प्लेट. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेर ४२-४३ अंश असताना दुपारी वीज गेली, यूपीएसवर यंत्र राहिलं पण एसी बंद पडला, तर अर्ध्या प्लेटचे आकडे एका तापमानाचे आणि अर्धे दुसऱ्या. उपाय एवढाच की एसीसुद्धा जनरेटरच्या लाइनवर घ्यायचा, किंवा उन्हाळ्यात प्लेट सकाळी वाचायची.

शीथ फ्लुइड (मण्यांना यंत्रातून वाहून नेणारं द्रव) वीसपट तीव्र स्वरूपात मागवलं तर वाहतूक स्वस्त पडते, पण ते पातळ करायला डीआयोनाइज्ड पाणीच हवं. बोअरचं जड पाणी साध्या फिल्टरमधून काढून वापरलं की नळ्यांत क्षार धरतो. आणि किट २ ते ८ अंशांत यायला हवं, गोठलेलं नव्हे. पुणे-हैदराबादहून पार्सल पाठवणारे काळजीपोटी बर्फाचे पॅक थेट डब्याला चिकटवतात. फायकोएरिथ्रिन एकदा गोठलं की त्याचा उजेड जातो. डबा उघडताच त्याला हात लावून पाहावा, सही नंतर करावी.

पशुवैद्यकाच्या बाजूने वेगळाच घोळ. देवणी गाय किंवा उस्मानाबादी शेळी यांच्यासाठी माणसाचं पॅनेल चालेल असं गृहीत धरता येत नाही. अँटिबॉडी त्या प्राण्याच्या प्रथिनाला धरते का, हे प्रत्येक जोडीसाठी तपासावं लागतं. शेळीच्या सीरममधल्या अँटिबॉडी मोजायच्या असतील तर मण्यावर प्रतिजन पकडून ठेवणारी अँटिबॉडी शेळीत तयार केलेली नको. नाही तर शेळीविरोधी कॉन्जुगेट (रंग जोडलेली शोधक अँटिबॉडी) तिलाच धरतो आणि ब्लँकसुद्धा लखलखतो.

नवं यंत्र न घेता फ्लो सायटोमीटरवर चालणारे संचही २००० च्या आसपासपासून आहेत. काहींनी तर मण्यांचा आकार आणि आतला रंग यांची सांगड घालून १९७७ ची कल्पनाच परत आणली. एका वेलमध्ये तेरा-चौदा प्रथिनं. वैद्यकीय महाविद्यालयात सायटोमीटर असेल तर हा सर्वांत स्वस्त रस्ता. काही जुने संच एकट्या निळ्या लेझरवर चालतात, मोठ्या पॅनेलला लाल लेझरही लागतो. फक्त सीडी-४ मोजायला बांधलेलं यंत्र मात्र यासाठी निरुपयोगी.

२०२१ च्या सुमारास आलेल्या पिढीत जांभळा लेझर आणि दुसरा रिपोर्टर, म्हणजे उजेड मोजण्याचा दुसरा रंग, आला. एकाच मण्यावर आयजीजी आणि आयजीएम या दोन प्रकारच्या अँटिबॉडी एकाच वेळी वाचता येतात, जे कोविडच्या सीरमांवर आधी दोन वेलमध्ये करावं लागत होतं. रीजन ५०० च राहिले, वाचनं मात्र दुप्पट झाली. आता काही माहितीपत्रकं प्लेक्सच्या रकान्यात ५०० लिहितात, तर काही १०००.