‘आउट ऑफ मेमरी’ की ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’? पोस्टग्रेसचे दोन वेगळे एरर

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ दिसलं की बरेच जण रॅम नाहीतर शेअर्ड बफर्स (डेटासाठीची सामाईक मेमरी) वाढवायला धावतात. त्याचा काडीचा उपयोग होत नाही. अर्धी रॅम मोकळी असतानाही हा एरर येतो, कारण भरलेलं असतं ते लॉक टेबल, म्हणजे कोणी कशावर लॉक धरलाय याची सर्व्हरकडची नोंद. त्याची जागा सर्व्हर सुरू होतानाच ठरते: मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन गुणिले मॅक्स_कनेक्शन्स. डिफॉल्ट धरले तर ६४ गुणिले १००, म्हणजे सुमारे ६४०० लॉक. नावावरून वाटतं तशी एका ट्रान्झॅक्शनला ६४ची मर्यादा मात्र नसते. एकटं ट्रान्झॅक्शनसुद्धा सगळी जागा खाऊ शकतं.

हे होतं बहुतेकदा पार्टिशनमुळे, म्हणजे मोठ्या टेबलाचे तुकडे केल्यामुळे. रोजचं एक पार्टिशन, तीन वर्षांचा डेटा, प्रत्येकावर चार इंडेक्स. तारखेची अट न घालता क्वेरी मारली की १०९५ पार्टिशन आणि त्यांचे इंडेक्स मिळून ५४७५ लॉक लागतात. अशा बऱ्याच क्वेरी एकदम आल्या की संपलंच. म्हणून आधी क्वेरीत तारीख घाला. तरीही भागलं नाही तर ६४चे २५६ करा. त्यासाठी रीस्टार्ट लागतो, नुसत्या रीलोडने चालत नाही. स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची तयार ठेवलेली नक्कल) असेल तर तिथे आधी वाढवा, मग प्रायमरीवर, म्हणजे मुख्य सर्व्हरवर.

नुसत्या ‘आउट ऑफ मेमरी’ची गोष्ट निराळी. इथे एका बॅकएंड प्रोसेसने (एका कनेक्शनचं काम करणाऱ्या प्रोसेसने) ऑपरेटिंग सिस्टिमकडे मेमरी मागितली आणि ती मिळाली नाही. लॉगमध्ये एररच्या आधी मेमरी कॉन्टेक्स्टची, म्हणजे मेमरी कुठल्या कामाला किती गेली याची, लांबलचक यादी येते. ती कटकट वाटली तरी वाचाच आणि सर्वांत मोठा आकडा शोधा. हॅश किंवा एक्झिक्युटरचा कॉन्टेक्स्ट फुगला असेल तर क्वेरी तपासा. कॅशे मेमरी कॉन्टेक्स्ट फुगला असेल तर हजारो टेबलं हाताळणारं, दिवसेंदिवस उघडं राहिलेलं कनेक्शन शोधा. वर्क_मेम (सॉर्ट-हॅशसाठीची मेमरी) या सेटिंगचे डिफॉल्ट ४ एमबी कनेक्शनमागे नसतात, प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे असतात, शिवाय पॅरलल वर्कर्सचे वेगळे. ते सरसकट २५६ एमबी करणं मला धोक्याचं वाटतं. हवं तर त्या एका रिपोर्टपुरतं सेशनमध्ये वाढवा.

दोन्हींचा एरर कोड मात्र एकच, ५३२००. त्यामुळे फक्त कोडवर अलर्ट लावला असेल तर फरक कळणार नाही. मेसेजची पुढची ओळही पकडा. लॉक संपले असतील तर तिथे मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन वाढवण्याची हिंट असते, मेमरी संपली असेल तर किती बाइट मागितले होते तो आकडा.