ऑर्किडमधील अनियमित वाढ व पुष्पन

ऑर्किडमधील अनियमित वाढ व पुष्पन : घरी जोपासलेल्या ऑर्किडांत (आमरांत) खोड, फुलांचा दांडा किंवा फूल यांची निराळ्या जागी, निराळ्या वेळी अथवा निराळ्या रूपात होणारी वाढ. मॅक्सवेल मास्टर्स यांच्या वनस्पतिविकृतींवरील ग्रंथात (१८६९) व त्या वळणाच्या जुन्या लेखनात असे सर्व प्रकार ‘विकृती’ या एकाच सदरात येतात. प्रस्तुत नोंदीत त्यांचे दोन भाग केले आहेत : वनस्पतीच्या अंगी मुळातच असलेली व परिस्थितीनुसार प्रकट होणारी वाढ, आणि फुलाच्या घडणीतच झालेला बदल. पहिला प्रकार परिस्थिती पालटली की बहुधा नाहीसा होतो; दुसरा प्रत्येक बहराला पुन्हा दिसू शकतो. एकाच बहरावरून निर्णय करणे म्हणूनच धोक्याचे असते.

दांड्यावरील रोप (केकी) : फॅलेनॉप्सिस या ऑर्किडाच्या दांड्याच्या प्रत्येक पेऱ्यावर त्रिकोणी शल्काखाली (खवल्याखाली) एक सुप्त डोळा असतो. त्यातून फुलांची फांदी फुटेल की पाने-मुळे असलेले रोप, हे तापमान व वृद्धिद्रव्ये यांवर बरेचसे अवलंबून असते. सतत २८° से.पेक्षा अधिक उष्णतेत ठेवलेल्या संकरजांना सहसा दांडे येत नाहीत, सु. २५° से. व त्याखालील तापमानात काही आठवडे गेले की दांडा निघतो. दांडा निघाल्यावर पुन्हा उष्णता वाढली, तर डोळे पानांकडे वळण्याचा संभव असतो. सायटोकायनीन (पेशीविभाजनास चालना देणारे वृद्धिद्रव्य) असलेले मलम डोळ्यावर लावून हाच परिणाम मुद्दाम घडविता येतो. फॅलेनॉप्सिस ल्युडेमानियाना ही जाती दांड्यावर सहज रोपे धरते, तर फॅ. स्टुअर्टियाना या जातीत ती मुळांवरही येतात. डेंड्रोबियम नोबिलेला थंड व कोरडा विश्रांतिकाळ मिळाला नाही, किंवा नायट्रोजनयुक्त खत उशिरापर्यंत चालू राहिले, तर फुलांच्या जागी रोपे येतात.

कोवळा दांडा व कोवळे मूळ यांत गल्लत नेहमीची आहे. मुळाचे टोक गुळगुळीत व गोलसर असते. दांड्याचे टोक किंचित चपटे, एका बाजूला खाच असलेले दिसते.

शेंड्याचे पुष्पन : फॅलेनॉप्सिस एकपदी वाढीची, म्हणजे एकाच शेंड्याने वर वाढत जाणारी वनस्पती असून तिचे दांडे पानांच्या बगलेतून येतात. क्वचित दांडा शेंड्यातूनच निघतो आणि त्या खोडाला पुढे पाने येणे थांबते. असे झाड लगेच मरत नाही. बुंध्यापाशी नवा कोंब फुटल्यास वाढ त्याच्याकडे जाते. दांडा तत्काळ कापल्याने गेलेला शेंडा परत येत नाही, म्हणून तसे करण्यात फारसा अर्थ नाही.

उलटे फूल : बहुतेक ऑर्किडांच्या कळीत ओठ (तिसरे, रूपांतरित प्रदल म्हणजे पाकळी) आरंभी वरच्या बाजूस असतो, उमलण्यापूर्वी देठ व अंडाशय सु. १८०° पिळले जाऊन तो खाली येतो. हे पिळणे गुरुत्वाकर्षणाला अनुसरून होत असल्याने कळ्या भरत असताना कुंडी आडवी केली वा फिरविली, तर एकाच दांड्यावर निरनिराळ्या दिशांना तोंडे केलेली फुले दिसतात. प्रॉस्थेकिया कॉक्लिएटामध्ये मात्र ओठ वरच राहणे हीच रीत आहे. हॅमरबिया पॅल्युडोसा या दलदलीतील जातीत देठ पूर्ण ३६०° फिरतो आणि ओठ पुन्हा वर येतो. चार्ल्स डार्विन यांनी याची नोंद केली आहे.

पेलोरिया : द्विपार्श्व सममितीचे (एकाच उभ्या रेषेने दोन सारखे भाग होणारे) फूल अरीय सममितीकडे (केंद्राभोवती सर्व बाजूंनी सारखे असण्याकडे) झुकणे. ही संज्ञा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७४४ मध्ये लिनॅरिया या (ऑर्किड नसलेल्या) वनस्पतीच्या अशा फुलांसाठी वापरली. ती संकरातून उपजली असावीत, असा त्यांचा तर्क होता. डार्विन यांचा कल पूर्वजांच्या नियमित फुलाकडे परत जाण्याच्या कल्पनेकडे होता. लिनॅरियापुरता प्रश्न १९९९ मध्ये बराच सुटला. एन्रिको कोएन व सहकाऱ्यांनी तेथे एका जनुकाचा क्रम न बदलता केवळ मेथिलीकरणाने (डीएनएवर मेथिल गट जोडले जाण्याने) ते निष्क्रिय झाल्याचे दाखविले.

ऑर्किडांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण येथे पेलोरिया दोन उलट दिशांनी होते. एका प्रकारात ओठ साध्या प्रदलासारखा होतो. दुसऱ्यात बाजूची दोन प्रदले ओठासारखी होतात : त्यांच्या बुडाशी ओठाचा गडद रंग उतरतो, कडा जाड होतात, कधी ओठावरचा उंचवटाही त्यांवर उमटतो. परतीची उपपत्ती पहिल्या प्रकारास लागू पडेल. तीन ओठांचा पूर्वज मात्र कोणी मानीत नाही. रिचर्ड बेटमन व पॉला रुडॉल यांनी सुचविलेले स्थानांतराचे स्पष्टीकरण (एका अवयवाची घडण दुसऱ्याच्या जागी प्रकट होणे) दोन्ही प्रकारांना पुरते, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. जनुकीय पुरावाही त्याच बाजूचा आहे. फॅलेनॉप्सिसमध्ये सामान्यतः ओठ व स्तंभ (पुंकेसर व स्त्रीकेसर जुळून झालेला मधला अवयव) यांत व्यक्त होणारे पीईमॅड्स-४ हे जनुक पेलोरिक झाडांच्या ओठसदृश प्रदलांतही व्यक्त होते, असे २००४ मध्ये तैवानमधील संशोधकांना आढळले. प्रथिनांच्या दोन परस्परविरोधी संकुलांपैकी एक ओठ व दुसरे साधी परिदले (ओठाखेरीजची फुलाची दले) घडविते, हे प्रतिमान २०१५ मध्ये मांडले गेले.

घरगुती झाडांत पेलोरिया अधिक दिसण्यास ऊतक संवर्धन (झाडाच्या लहान तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपे वाढविणे) बहुधा कारणीभूत असावे. झॉर्झ मोरेल यांनी १९६० मध्ये सिंबिडियमच्या शेंड्याच्या विभज्येपासून (सतत विभागणाऱ्या पेशींच्या ऊतकापासून) रोपे वाढविल्यावर हे तंत्र सर्वत्र पसरले. त्यातील कायिक बदलांमुळे (संवर्धनात शरीरपेशींत होणाऱ्या बदलांमुळे) एकाच मातृवृक्षाच्या हजारो रोपांत काही वेगळी निघतात. ‘मोठ्या ओठाची’ म्हणून विकली जाणारी कित्येक वाणे मुळात अशीच सदोष रोपे होत. त्यांतील एखादे पुढल्या बहरात साधी फुले देते, किंवा एकाच दांड्यावर दोन्ही तऱ्हांची फुले येतात. बदल क्रमात नसून जनुकाच्या नियंत्रणात असावा, याकडे हे निर्देश करते.

लिंगभेदी पुष्पन : कॅटासेटम या ऑर्किडाच्या एकाच झाडावर भिन्न फुले येणे हा एकेकाळी मोठा वादविषय होता. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांच्या मते मोनॅकँथस, मायँथस व कॅटासेटम हे स्वतंत्र वंश होते. रॉबर्ट शोम्बर्क यांना ही तिन्ही फुले एकाच वनस्पतीवर आढळल्याचे १८३७ मध्ये प्रसिद्ध झाले. डार्विन यांनी १८६२ मध्ये कॅटासेटम नर, मोनॅकँथस मादी व मायँथस उभयलिंगी ठरविले. यांतील शेवटचा भाग टिकला नाही : मायँथस हे दुसऱ्या एका जातीचे नर-फूल असल्याचे रॉबर्ट रोल्फ यांनी पुढे दाखविले. भरपूर प्रकाशात व जोमदार झाडावर मादी-फुले, तर सावलीत नर-फुले अधिक येतात. यात एथिलीन या वायुरूप वृद्धिद्रव्याचा वाटा असल्याचे मानले जाते. घरात नर-फुलेच का येतात, याचे उत्तर बहुधा खिडकीच्या अपुऱ्या उजेडात असते.

इतर : डिमॉर्फॉर्किस लोवीच्या लोंबत्या दांड्यावरील बुडाची फुले पिवळी व बाकीची तांबूस डागांची असतात. सायकॉप्सिस पॅपिलिओचा एकच दांडा कित्येक वर्षे एकापाठोपाठ एक फूल देतो, तेव्हा तो कापू नये. डेंड्रोबियम क्रुमेनाटमची झाडे पावसाने तापमान एकदम उतरल्यावर सु. नऊ दिवसांनी एकाच वेळी फुलतात आणि फुले दिवसभरच टिकतात. या तिन्ही गोष्टी त्या-त्या वनस्पतींचा स्वभाव होत.

पाकळ्यांवरील रंगांचे तुटक पट्टे काही वेळा हौशी लोकांना नवलाचे वाटतात; ते सिंबिडियम मोझेक व ओडोंटोग्लॉसम वलय-ठिपका या विषाणूंचेही लक्षण असू शकते. असे झाड वेगळे ठेवतात आणि त्यावर वापरलेली कात्री निर्जंतुक केल्याखेरीज दुसऱ्या झाडाला लावीत नाहीत.