निशाकालीन दमा : मापनपद्धती

रात्री, आणि त्यातही पहाटे, दम्याच्या रुग्णाचा श्वसनमार्ग किती आखडतो व का, हे ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शारीरिक चाचण्या. या क्षेत्रातली मूळ अडचण साधी पण चिवट आहे. श्वासाची सर्वांत भरवशाची चाचणी रुग्णाने जोर लावून फुंकल्याशिवाय होत नाही आणि झोपलेला माणूस फुंकत नाही. त्याला उठवावे, तर ज्या झोपेचा परिणाम मोजायचा तीच मोडते. येथील बहुतेक पद्धती ही अडचण टाळण्याच्या खटपटीतून निघालेल्या आहेत.

रात्रीच्या त्रासाची नोंद जुनी आहे. स्वतः दमेकरी असलेले इंग्लंडमधील वैद्य जॉन फ्लॉयर यांनी १६९८ साली पहिल्या झोपेनंतर, रात्री एक-दोनच्या सुमारास येणाऱ्या झटक्यांचे वर्णन केले. मार्गारेट टर्नर-वॉरिक यांनी १९८८ मध्ये ब्रिटनमधील ७,७२९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना आठवड्यातून निदान एकदा दम्यामुळे जाग येत होती. मात्र ही रुग्णांनी सांगितलेली माहिती होती. झोपमोड किती वेळा झाली हे सकाळी नीट आठवत नाही, म्हणून यंत्राची गरज पडते.

जोराने फुंकून बाहेर पडणारी हवा मोजण्याच्या या चाचणीचा, म्हणजे स्पायरोमेट्रीचा, पाया जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडनमध्ये घातला. जोराने सोडलेल्या श्वासाच्या पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजण्याची कल्पना फ्रान्समधील तिफनो व पिनेली यांची, १९४७ ची. श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर हा आकडा १२ टक्के व २०० मिलिलिटरने वाढला, तर दम्याच्या निदानाला बळ मिळते. पण ही चाचणी बहुधा ओपीडीच्या वेळेत होते. श्वसनमार्ग दुपारी चारच्या सुमारास सर्वाधिक मोकळा आणि पहाटे चारच्या आसपास सर्वाधिक अरुंद असतो. रात्र उशीला टेकून बसून काढलेल्या रुग्णाचा दिवसाचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येणे म्हणूनच नवलाचे नाही.

ही त्रुटी पीक फ्लो मीटरने, म्हणजे फुंकीचा कमाल वेग मोजणाऱ्या यंत्राने, बरीच भरून काढली. मार्टिन राइट यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या यंत्राची पुढे हातात मावणारी, प्लास्टिकची छोटी आवृत्ती आली आणि मापन घरी पोचले. सकाळी उठल्याबरोबर, औषधाचा पफ घेण्याआधी आणि पुन्हा संध्याकाळी, प्रत्येक वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. संध्याकाळी मिनिटाला ४२० लिटर व सकाळी ३०० लिटर आले, तर फरक १२० आणि सरासरी ३६०, म्हणजे त्या दिवसाचा चढउतार ३३ टक्के. एक-दोन आठवड्यांच्या नोंदींत प्रौढांमध्ये या चढउताराची सरासरी १० टक्क्यांहून अधिक असेल, तर ती जास्त मानतात. हेट्झेल व क्लार्क यांच्या १९८० च्या अभ्यासात निरोगी लोकांतही सरासरी ८.३ टक्क्यांचा चढउतार आढळला. दम्याच्या रुग्णांत तो ५०.९ टक्के होता. थोडक्यात, पहाटेचे आखडणे सर्वांनाच असते, दम्यात ते बेसुमार वाढते. पद्धत स्वस्त आहे, पण वहीवर फार विसंबू नये. दोन आठवड्यांचे आकडे एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेली वही डॉक्टरांपुढे येतेच.

झोपेच्या बाजूचे मुख्य साधन म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, रुग्णालयातल्या भाषेत ‘स्लीप स्टडी’. तीत मेंदूतील विद्युतलहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, नाकातील हवेचा प्रवाह, छाती-पोटाची हालचाल व रक्तातील ऑक्सिजन यांची रात्रभर नोंद होते. ती ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचण्याची रीत १९६८ च्या नियमावलीने रूढ केली. मात्र श्वासनलिका किती अरुंद झाली हे यातून थेट कळत नाही. त्यासाठी अन्ननलिकेत बारीक फुगा सोडून छातीतला दाब आणि मुखवट्यातून हवेचा प्रवाह मोजतात. दोन्ही मिळून श्वसनमार्गाचा अवरोध निघतो, आणि फुंकण्याची गरज उरत नाही. नाकातून नळी घेऊन झोपणे सुखाचे नाही, त्यामुळे असे अभ्यास मूठभर लोकांवरच होतात. बॅलर्ड व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीने झोपेची रात्र आणि जागरणाची रात्र ताडून पाहिली. अवरोध दोन्ही रात्री वाढला, पण झोपेत अधिक.

अमेरिकेतील डेन्व्हर येथे मोनिका क्राफ्ट व सहकारी याहून पुढे गेले. दुपारी चार आणि पहाटे चार वाजता दुर्बिणीने फुप्फुसाचे तुकडे काढून त्यांनी तपासले. निशाकालीन दम्यात वायुकोशांजवळील ऊतीत पहाटे इओसिनोफिल, म्हणजे दाहाशी निगडित पांढऱ्या रक्तपेशी, वाढलेल्या दिसल्या (१९९६).

तरीही कारण झोप की शरीराचे घड्याळ, हा गुंता उरतोच, कारण रोजच्या जगण्यात दोन्ही एकाच वेळी येतात. ते वेगळे काढण्यासाठी बोस्टनमधील संशोधकांनी १७ रुग्णांना मंद उजेडात ठेवले. एका प्रयोगात ३८ तास सलग जागरण, तीच बैठक व सारखाच अल्पाहार; दुसऱ्यात २८ तासांचा ‘दिवस’, म्हणजे झोपेची वेळ शरीराच्या घड्याळाभोवती सरकत राहते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शरीराच्या घड्याळाचा स्वतंत्र परिणाम आहे आणि या घड्याळाच्या रात्रीत तातडीचा पफ दिवसाच्या सुमारे चौपट वेळा लागला.

भारतात आकडे वाचताना दोन पथ्ये पाळावी लागतात. स्पायरोमेट्रीचे ‘अपेक्षित’ आकडे युरोपीय लोकांवरून काढले असतील, तर निरोगी माणूसही कमी भरतो. मुंबईत उडवाडिया व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निरोगी भारतीयांची मापने प्रसिद्ध केली, ती यासाठी उपयोगी पडतात. दुसरे, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गडद त्वचेत कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतो. रात्री ऑक्सिजन वारंवार घसरत असेल, तर दम्यापेक्षा झोपेतील श्वासरोधाचा संशय आधी घ्यावा. दोन्ही आजार एकाच रुग्णात असणे विरळ नाही.